हशाची जागा

मामांचं मृत्युपत्र वाचून झालं आहे. भाचा घरी येऊन बायकोला सांगतो, "मामा कुणालाच विसरले नाहीत गं. दादाला घर, ताईला दागिने... आणि मला उपदेश."

आता हेच वाक्य असं घ्या: "मामा कुणालाच विसरले नाहीत गं. दादाला घर ठेवलं, ताईला दागिने ठेवले आणि उपदेश तेवढा मला ठेवला आहे." माहितीत तसूभर फरक नाही. तरी पहिल्यावर प्रेक्षागृहात हशा पिकतो आणि दुसऱ्यावर फार तर दोन-चार जण गालातल्या गालात हसतात. नट तोच, चेहरा तोच. फरक पडतो तो प्रेक्षकाच्या डोक्यात, शेवटचा शब्द येण्याआधीच्या अर्ध्या सेकंदात. विनोदी नाटक करणाऱ्याला तो अर्धा सेकंद ओळखता आला, की पुढचं बरंचसं काम कारागिरीचं आहे.

अंदाज आणि त्याचं चुकणं

माणूस ऐकताना नुसता ऐकत नसतो, पुढे काय येणार याचा अंदाजही बांधत असतो. 'दादाला घर, ताईला दागिने' एवढं कानावर पडलं की प्रेक्षक तिसऱ्या जागेवर मनातल्या मनात काहीतरी ठेवून मोकळा होतो: शेत, पैसे, गाडी. तिथे 'उपदेश' येतो. अंदाज चुकतो, पण पुढच्याच क्षणी पटतं की शब्द तर बरोबर आहे, मागे ठेवण्याच्या गोष्टींत वडीलधाऱ्यांचा उपदेशही येतोच. आधी चुकणं आणि लगेच पटणं, या दोहोंच्या सांध्यातून हसू फुटतं. नुसतं चुकून भागत नाही. 'आणि मला विजेचा खांब' असं म्हटलं तर अंदाज चुकेल, पण पटणार काहीच नाही. प्रेक्षक फक्त गोंधळेल.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७९० साली लिहिलं की, ताणून धरलेली अपेक्षा एकाएकी शून्यात विरून जाते तेव्हा हसू येतं. 'शून्यात' या शब्दाबद्दल वाद घालता येईल, कारण वर पाहिलं तसं चुकल्यावर हाती काहीतरी पटणारं लागावं लागतं. पण 'ताणून धरलेली' हा शब्द प्रत्येक नटाने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. अपेक्षा ताणलीच गेली नसेल तर सुटणार काय?

तीनच्या हिशेबाचं कारणही यातच आहे. एका गोष्टीने रीत तयार होत नाही, दोन गोष्टींनी होते, तिसरीने ती मोडता येते. 'दादाला घर आणि मला उपदेश' यावरही थोडं हसू येईल, पण रीत पक्की बसण्याआधीच मोडल्यामुळे जोर कमी. उलट 'दादाला घर, ताईला दागिने, वहिनीला भांडी, धाकट्याला सायकल' असं लांबवलं, तर प्रेक्षकाला कळून चुकतं की ही यादी कुठेतरी घसरणार आहे. मग तो घसरण्याचाच अंदाज बांधतो आणि तो अंदाज बरोबर येतो. बरोबर आलेल्या अंदाजावर कुणी हसत नाही.

यातून निघणारी पहिली व्यवहाराची गोष्ट: हशा पडला नाही, तर हशाच्या वाक्यात दोष शोधू नका. दोन वाक्यं मागे जा. 'ताईला दागिने' शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचलं होतं का? त्याच वेळी कुणी कपबशी ठेवली का, खुर्ची सरकवली का? पाया घालणारं वाक्य रंगमंचावर सर्वांत स्वच्छ ऐकू गेलं पाहिजे, आणि ते बहुतेक वेळा सहकलाकाराकडे असतं. विनोदी नटाचं कौतुक होतं तेव्हा त्यातलं निम्मं त्याला साधी, सरळ वाक्यं अचूक देणाऱ्याचं असतं. हे काम दुय्यम समजून नवख्या नटाकडे सोपवणं ही दिग्दर्शनातली मोठी चूक आहे.

धक्का हवा, धोका नको

स्वतःला गुदगुल्या करून हसू येत नाही. आपला हात कुठे लागणार हे मेंदूला आधीच ठाऊक असतं, म्हणून त्या स्पर्शाची धार तो बोथट करतो. अनोळखी माणसाने अंधारात बोटं लावली तर तेही गुदगुल्या म्हणून अंगाला कळत नाही, अंगावर काटा येतो. म्हणजे हसण्यासाठी दोन गोष्टी एकत्र लागतात: न कळत बसलेला धक्का, आणि यात धोका नाही याची खात्री.

रंगमंचावर पडण्याचंच पाहा. पात्र घसरून आपटतं तेव्हा प्रेक्षक आधी एक गोष्ट तपासतो: लागलं का? ते कळेपर्यंत हसू रोखलेलं असतं. म्हणून पडणाऱ्या नटाने पडल्यापासून सुमारे एका सेकंदात, पात्राचं लक्ष दुखण्यापेक्षा दुसऱ्याच कशावर आहे हे दाखवावं. हातातलं पाकीट सलामत आहे का ते बघावं, चष्मा चाचपावा, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून मान वळवावी. गुडघ्याकडे हात गेला की गेला हशा. डोकं लाकडी फळीवर आपटल्याचा खरा आवाज आला तर पुढची तीन-चार मिनिटं त्या प्रेक्षागृहातून हसू निघत नाही, कारण लोक आता पात्राची नव्हे, नटाची काळजी करत असतात. पाठ विसरलेल्या नटाचं तसंच होतं. पात्राची फजिती हसवते, नटाची फजिती आवंढा गिळायला लावते.

मारामारीतल्या थपडेचा आवाज म्हणूनच नेहमी 'खोटा' आणि खणखणीत ठेवतात. सोळाव्या शतकापासून इटलीत बहरलेल्या मुखवट्यांच्या विनोदी नाट्यात दोन पातळ पट्ट्या एका टोकाशी जोडलेली काठी वापरत. हलक्या फटक्यानेही पट्ट्या एकमेकींवर आदळून मोठा आवाज करायच्या, लागायचं मात्र फारसं नाही. आज थप्पड मारताना आवाज बहुधा मार खाणारा काढतो, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या हाताने स्वतःच्या छातीवर किंवा मांडीवर टाळी देऊन. मारणाऱ्याचा तळवा गालापासून वीतभर दूरून जातो, आणि तो जातो त्याच क्षणी टाळी पडते. टाळीला थोडा उशीर झाला की सगळं उघडं पडतं. मार खाणाऱ्याची पाठ किंवा खांदा प्रेक्षकांकडे असेल तरच हे जमतं, तेव्हा जागा आधी आखा आणि मग वेग वाढवा.

कुणावर हसवायचं, हा प्रश्नही इथेच येतो. रुबाबात असलेला माणूस घसरला तर त्याच्याजवळ गमावण्यासारखं काहीतरी असतं, म्हणून धोका वाटत नाही. आधीच पिचलेल्या माणसाला घसरवलं की प्रेक्षागृहाचा एक भाग हसतो आणि दुसरा गप्प होतो. ते गप्प बसणं आजूबाजूच्या खुर्च्यांवर पसरतं. एखाद्याचं तोतरेपण, रंग, जात किंवा अपंगत्व यांवर बेतलेल्या जागा मला तरी अन्याय्य वाटतातच, पण त्या कसबाच्या दृष्टीनेही कच्च्या आहेत. अंदाज बांधायला लावण्याचे कष्ट कुणी घेतलेलेच नसतात.

वाक्याचं शेपूट

मराठीत विनोद करणाऱ्यापुढे एक अडचण भाषेच्या घडणीतूनच येते, आणि तिच्याकडे फार कमी लक्ष दिलं जातं. आपलं वाक्य क्रियापदावर संपतं. 'मला उपदेश ठेवला आहे' यात धक्का बसतो 'उपदेश'वर, आणि त्यानंतर 'ठेवला आहे' ही पाच अक्षरं लोंबत राहतात. प्रेक्षक हसायला तोंड उघडतो, नट अजून बोलतोय हे बघून मिटतो. एकदा दाबलेलं हसू पुन्हा त्याच जोराने येत नाही.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, क्रियापद गाळणं. आधीच्या वाक्यांनी अर्थ सांगून टाकला असेल तर ते लागतच नाही. दुसरा, मोक्याचा शब्द क्रियापदाच्या पलीकडे नेणं. हे आपण रोजच्या बोलण्यात सहज करतो: "मला मिळाला काय, तर उपदेश!" लेखी मराठीत हे वळण कमी दिसतं, म्हणून संहिता लिहिताना सुटून जातं. लिहिलेलं वाक्य मोठ्याने म्हणून बघितल्याशिवाय हातावेगळं करू नये ते यासाठीच.

तिसरा उपाय सर्वांत सुंदर आहे: धक्काच क्रियापदात ठेवणं. "साहेबांनी माझा अर्ज हातात घेतला, चष्मा काढला, अर्जाने पुसला." शेवटचा शब्द येईपर्यंत चष्मा अर्ज वाचायलाच काढला आहे असं वाटतं, आणि अर्थ पूर्ण उलटतो तो 'पुसला'वर. क्रियापद शेवटी येण्याची सवय इथे ओझं न राहता वरदान होते, कारण गुपित अखेरपर्यंत आपोआप झाकलेलं राहतं.

शेपटाचा दुसरा प्रकार नटांच्या तोंडून उगवतो. 'ना', 'बरं का', 'वगैरे', 'अहो', 'काय?' असे शब्द संहितेत नसतात. पंधरा-वीस प्रयोगांनंतर ते वाक्याच्या टोकाला चिकटू लागतात. 'आणि मला उपदेश' याचं 'आणि मला उपदेश, बरं का' होतं, आणि हशा निम्म्यावर येतो. कुणालाच कारण कळत नाही, कारण वाक्य तर तेच आहे असं सगळ्यांना वाटत असतं. धक्क्याच्या आधी येणारे 'चक्क', 'फक्त', 'तर काय सांगू' यांचंही तेच. ते पुढे गंमत आहे अशी घंटा वाजवतात. प्रेक्षक सावध होतो, आणि सावध माणसाचा अंदाज चुकवणं अवघड.

आणि श्वास. मराठी वाक्याच्या टोकाला सूर उतरतो आणि नटाची हवाही तिथेच संपत आलेली असते. 'उपदेश' मधला 'उ' गिळला जातो, 'श' विरतो आणि पाचव्या रांगेपलीकडे 'पदे' एवढंच पोहोचतं. उपाय साधा आहे: श्वास 'दागिने' नंतर घ्यायचा. तिथे तसाही थांबा आहे. शेवटचा शब्द ओरडून म्हणायचा नाही, फक्त पूर्ण म्हणायचा.

थांबा किती?

शेवटच्या शब्दाआधीचा थांबा सेकंदात मोजायला गेलं तर साधारण अर्ध्यापासून एकपर्यंत. पण खरं माप घड्याळाचं नाही. प्रेक्षकाला एक अंदाज बांधता यावा, दुसरा बांधता येऊ नये, इतका तो असावा. याहून कमी थांबलात तर अपेक्षा ताणली जात नाही. जास्त थांबलात तर पहिल्या रांगेतला कुणीतरी मनात 'उपदेश'पर्यंत पोहोचतो. ज्या नटाचा थांबा दर प्रयोगाला थोडा थोडा वाढतो, तो हसू येण्याआधीच त्याची चव घेत असतो.

त्या थांब्यात आणि त्यानंतरच्या शब्दावर रंगमंचावर एकच गोष्ट हलली पाहिजे. बायको कपड्यांच्या घड्या घालत असेल तर 'दागिने'वर तिचे हात थांबावेत. 'उपदेश' झाला, हशा पडला. आता ती त्याच्याकडे क्षणभर बघते आणि दुप्पट वेगाने घड्या घालू लागते. तिथे बहुधा दुसरा हशा येतो, कधी कधी पहिल्याहून मोठा. तो तिने मागितलेला नसतो. प्रेक्षकांना तिच्या मनातलं वाक्य आपणहून ऐकू येतं, आणि स्वतः ओळखलेल्या गोष्टीवर माणूस मनापासून हसतो.

चेहऱ्याने घेतला जाणारा 'डबल टेक' याच तत्त्वावर चालतो, आणि बहुतेक वेळा बिघडतो तोही याच तत्त्वाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. त्याचे चार भाग आहेत. पात्र ती विचित्र गोष्ट बघतं. ती नेहमीचीच समजून हातातल्या कामाकडे परत वळतं. काम करता करता थबकतं. मग झटक्यात मान वळवून पुन्हा बघतं. यातला दुसरा भाग खरा असावा लागतो, म्हणजे नटाने खरोखर कामाकडे लक्ष द्यायला हवं, दीड-दोन सेकंद. घाईत तो भाग गाळला की उरतात नुसते मानेचे दोन झटके. डोळे आधी वळावेत, मग मान, मग खांदे. सगळं एकदम वळलं तर ते कवायतीसारखं दिसतं.

हशा चालू असताना काय करायचं

हसू बाहेर पडणाऱ्या श्वासावर येतं. 'हा-हा' मधला प्रत्येक 'हा' सेकंदाच्या सुमारे पंधराव्या भागाएवढा असतो आणि सेकंदाच्या साधारण पाचव्या भागाच्या अंतराने पुन्हा उमटतो. फुप्फुसं रिकामी होत आली की माणसाला हवा आत घ्यावी लागते. एकत्र हसणारे लोक साधारण एकत्रच श्वास घेतात, म्हणून हशाला लाटेसारखा आकार येतो: चढ, माथा, उतार. नटाने पुढचं वाक्य उतारावर घ्यायचं असतं, आवाज माथ्यावरून बराच खाली आला आहे पण पूर्ण विरलेला नाही तेव्हा. साधारण एक तृतीयांश उरलेला असताना घ्या. पार शांतता होईपर्यंत थांबलात तर तोल खाली जातो आणि पुढचा हशा पुन्हा शून्यापासून उभा करावा लागतो.

माथ्यावरच बोलणं ही त्याहून वाईट चूक. वाक्य वाया जातं हे तर झालंच, पण दोन-तीनदा असं झालं की प्रेक्षक शिकतात: आपण हसलो तर पुढचं ऐकू येत नाही. मग ते ऐकण्यासाठी हसू दाबू लागतात, आणि नटांना वाटतं आजचा प्रेक्षक थंड आहे. उतारावर येणाऱ्या पहिल्या वाक्याचा पहिला शब्द गेला तरी चालेल असा असावा. 'अगं', 'बरं', 'ते जाऊ दे' हे शब्द इथे कामाचे. त्यांनी कान वळतात आणि मग मुद्द्याचं वाक्य नीट ऐकू जातं.

थांबताना गोठून उभं राहायचं नाही. पात्राचा विचार चालू राहिला पाहिजे. भाचा उपदेशाचा अपमान गिळतोय, तर गिळू द्या. प्रेक्षकांकडे डोळे गेले, ओठांच्या कोपऱ्यात समाधान आलं, की बेअरिंग, म्हणजे भूमिकेवरची पकड, सुटलं. साधारण हशा दोन-तीन सेकंदांचा असतो, मोठा पाच-सहा. तेवढ्यासाठी पात्राला करण्यासारखं एक छोटं, खरं काम तालमीतच ठरवून ठेवा.

पात्राला यातलं काही ठाऊक नसतं

पात्राला आपण विनोदी नाटकात आहोत हे माहीत नसतं. त्याला काहीतरी हवं असतं, अगदी जिवापाड, आणि ते मिळवायला ते सगळा जोर लावत असतं. "मी चिडलेलो नाही. मी शांतपणे सांगतोय. हे मी तिसऱ्यांदा शांतपणे सांगतोय!" या वाक्यात शांत राहण्याचा प्रयत्न खरा असला पाहिजे. नटाने पहिल्यापासून ओरडायला सुरुवात केली तर विसंगतीच उरत नाही. पहिलं वाक्य खरोखर शांत, दुसऱ्यात जबडा घट्ट, तिसऱ्यात 'शांतपणे' या शब्दावरच आवाज फुटतो.

फ्रेंच विचारवंत आंरी बर्गसाँ याने १९०० साली मांडलं की, जिवंत माणसावर यंत्राचं कवच चढलेलं दिसलं की आपल्याला हसू येतं. जिथे लवचीक व्हायला हवं तिथे माणूस सवयीने ताठ वागतो. सगळ्या विनोदाला हे लागू पडतं असं नाही, पण पात्र घडवताना याचा उपयोग फार. पात्राला एक ताठर सवय द्या, एकच. समजा, टेबलावरच्या वस्तू सरळ रेषेत लावायची. पहिल्यांदा ती सहज दिसू द्या, कुणी हसलं नाही तरी चालेल. दुसऱ्यांदा भांडण चालू असताना. तिसऱ्यांदा, वरिष्ठ कामावरून काढल्याचं पत्र टेबलावर आपटतात, ते तिरकं पडतं, आणि हा वाचण्याआधी सरळ करतो. चौथ्यांदा करायचं नाही.

भरताच्या नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्यरसाची कारणं मोजली आहेत: विकृत वेष आणि अलंकार, धार्ष्ट्य, लौल्य म्हणजे हावरेपणा, असंबद्ध बडबड, व्यंग दाखवणं वगैरे. हास्य शृंगारातून जन्मतं, शृंगाराची नक्कल म्हणजे हास्य, असंही तिथे म्हटलं आहे. म्हातारा नवरदेव होऊन मिरवतो ते दृश्य आजही चालतं, कारण भाव खरा आणि जागा चुकीची. पण मला नटाच्या दृष्टीने जास्त मोलाचे वाटतात ते हसण्याचे सहा प्रकार: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. स्मितात दात दिसत नाहीत, अतिहसितात डोळ्यांत पाणी येऊन माणूस कुशी धरतो. ग्रंथात ही वाटणी उत्तम, मध्यम आणि अधम पात्रांसाठी आहे. तीच शिडी प्रेक्षकांना लावून बघा. पडदा उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत अतिहसित मागणारा नट शिडीच्या वरच्या पायरीवर उडी मारायला सांगत असतो. आधी स्मित मिळवा. आणि एका मोठ्या, कुशी धरायला लावणाऱ्या हशानंतर मिनिटभर काहीही मागू नका, लोक शब्दशः दमलेले असतात.

फार्सचा हिशेब

फार्समध्ये, म्हणजे गैरसमजांवर चालणाऱ्या नाटकात, प्रेक्षक पात्रांच्या पुढे असतो. कपाटात कोण लपलंय हे त्याला ठाऊक असतं, नवऱ्याला नसतं. इथे धक्का 'काय' होणार याचा नसतो, 'कसं' निसटणार याचा असतो. म्हणून तालमीच्या आधी एक तक्ता करावा: आडव्या रांगेत पात्रं, उभ्या रांगेत प्रवेश, आणि प्रत्येक चौकटीत त्या क्षणी त्या पात्राला काय ठाऊक आहे ते. सर्वांत डावीकडची रांग प्रेक्षकांची. ज्या प्रवेशात प्रेक्षकाची चौकट रिकामी राहील, तिथे लोक हसण्याऐवजी शेजाऱ्याला विचारतील, "हा कोण?"

दारांचा खेळ वेगात बसवायला घेऊ नका. आधी निम्म्या वेगाने, पावलं मोजून. कपाटापासून दारापर्यंत सात पावलं लागत असतील तर दर वेळी सातच. एक दार बंद झाल्याचा आवाज कानावर पडावा, मग दुसरं उघडावं. दोन्ही आवाज एकावर एक पडले तर प्रेक्षकाला 'थोडक्यात वाचला' हे कळतच नाही. पावलं अंगात बसली की वेग वाढवा, पण बोलण्याचा नव्हे, दोन वाक्यांमधल्या अंतराचा. वेगवान फार्समध्ये शब्द स्वच्छ असतात, त्यांच्यामधली हवा काढून टाकलेली असते.

रिकाम्या खुर्च्या

रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञाने लोकांचं रोजचं हसणं टिपलं, तेव्हा दिसलं की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे तीसपट जास्त वेळा चारचौघांत हसतो. हसण्याआधीची बहुतेक वाक्यंही विनोदी नव्हतीच, 'बरं, भेटू मग' छापाची साधी होती. हसू हा आधी सोबतीचा आवाज आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत चार्ली डग्लस या ध्वनितंत्रज्ञाने दूरचित्रवाणीसाठी साठवलेल्या हशांचं यंत्र बनवलं, ते घरी एकट्या बसलेल्या प्रेक्षकाला ही सोबत पुरवण्यासाठीच.

म्हणून पाचशे खुर्च्यांच्या प्रेक्षागृहात साठ लोक असतील तर ते साठ लोक पुढे, मध्यभागी, एकमेकांना लागून बसवा. विखुरलेला प्रेक्षक स्वतःचं हसू ऐकून दचकतो. आवाज वाढवून ठेवलेल्या ध्वनिक्षेपकांमुळेही हेच होतं: नटांचा आवाज हशापेक्षा मोठा झाला की लोकांना एकमेकांचं हसू ऐकू येत नाही. प्रेक्षागृहात पूर्ण काळोख करण्याऐवजी पुढच्या काही रांगांवर रंगमंचाचा उजेड सांडू दिला, तर शेजाऱ्याचा चेहरा दिसतो आणि त्याचा उपयोग होतो.

मेलेली जागा परत कशी मिळवायची

तिसाव्या प्रयोगाला एक हमखास जागा कोरडी जाते. पहिला उपाय घड्याळ. प्रत्येक अंकाची वेळ पहिल्या प्रयोगापासून लिहून ठेवलेली असावी. संहिता तीच असून अंक पाच-सात मिनिटांनी वाढला असेल, तर ती मिनिटं कुठून तरी आली आहेत: लांबलेले थांबे, चिकटलेले शब्द, आणि अॅडिशन, म्हणजे नटाने संहितेबाहेर स्वतःहून घातलेली भर. एखादी अॅडिशन स्वतःपुरता हशा मिळवते आणि पुढच्या दोन जागांचा पाया पोखरते. म्हणून तिचं मोल तिच्या हशावरून ठरवू नका, पुढच्या पाच मिनिटांवरून ठरवा.

घड्याळ ठीक असेल तर ऐकणं तपासा. मुरलेला नट समोरच्याचं वाक्य पूर्ण होण्याआधीच उत्तराच्या पवित्र्यात असतो. डोळे, खांदे सगळं सांगतात की पुढचं याला ठाऊक आहे, आणि पात्राला ठाऊक असलेल्या गोष्टीने प्रेक्षकाला धक्का बसत नाही. यावर एक तालीम नुसती बसून करावी, हालचाल नाही, आवाज बोलण्याएवढाच. अट एकच: समोरच्याच्या वाक्यातला ज्या शब्दाला आपण उत्तर देतो, तो शब्द ऐकल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. बहुतेक जागा इथेच परत येतात. तरीही न आलेल्या जागेसाठी दर प्रयोगाला एकच बदल करा, एकदा थांबा, एकदा शब्दक्रम, एकदा सहकलाकाराची जागा. तीन बदल एकदम केले आणि हशा आला, तर तो कशामुळे आला हे कळणार नाही आणि पुढच्या प्रयोगाला तो पुन्हा जाईल.

नव्या नाटकात याच्या उलट घडतं. रिकाम्या खोलीत तालीम करताना हशांच्या जागा पेन्सिलीने खुणावलेल्या असतात, आणि पहिल्याच प्रयोगाला प्रेक्षक भलतीकडेच हसतात. त्या नव्या जागा त्याच रात्री संहितेत टिपून ठेवाव्यात, पण दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी थांबू नये. तीन प्रयोगांत तिन्ही वेळा हसू तिथेच आलं, तर मग तिथे श्वासाची जागा करावी, आणि खुणावलेली पण न आलेली जागा पेन्सिलीनेच पुसावी.